काळे कपडे विटू नयेत म्हणून कसे धुवायचे

संक्रांत झाली की नाशकात घरोघरी काळे कुर्ते, काळ्या साड्या धुवायला निघतात, येवल्याकडे तर तीन तीन दिवस लोक पतंग घेऊन गच्चीवर, म्हणजे घाम आणि धूळ सगळी त्या काळ्यावरच. मग चार धुण्यात कुर्ता राखाडी झाला की आपण म्हणतो रंगच कच्चा होता. कधी कधी असतोही, पण बऱ्याचदा रंग आपणच घालवतो, घासून घासून आणि उन्हात टाकून.

आधी एक बघा. कपड्यावर पांढुरका थर दिसतोय तिथे ओलं बोट घासा. थर निघून खाली काळं दिसलं तर रंग गेलेला नाही, ती पावडर आणि क्षार बसलेत. बोअरचं पाणी येतं त्या सोसायट्यांमध्ये हे फार होतं, कारण जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो गडद कपड्यावर लगेच दिसतो. अशा वेळी शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कपडा खळबळून काढा, वाळल्यावर वास राहत नाही. ब्लीच वापरलं असेल तर मात्र व्हिनेगर अजिबात नको, दोन्ही मिळून विषारी वायू तयार होतो. जमलं तर काळ्या कपड्यांना नळाचं कॉर्पोरेशनचं पाणीच वापरा.

आता धुणं. कपडा उलटा करायचा, चेन आणि हुक लावायचे, म्हणजे घर्षण आतल्या बाजूला होतं. कॉटनचा रंग विटल्यासारखा दिसतो त्याचं मोठं कारण हेच घर्षण, वरचे धागे तुटून बारीक केस उभे राहतात आणि काळं फिकट दिसायला लागतं, म्हणून ब्रश आणि धोपटणं बंद म्हणजे बंद!! कॉलर, बाह्या हातानेच हलक्या चोळा. पाणी गार, मशीनला ३० डिग्रीच्या वर नको. डिटर्जंट लिक्विड घ्या, गडद कपड्यांसाठीचं मिळालं तर उत्तमच, कारण बऱ्याच पावडरमध्ये ब्लीच आणि पांढरं चमकवणारी द्रव्यं असतात, काळ्याला ती नकोच. आणि रात्रभर भिजत घालू नका, पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

मीठ आणि तुरटीचं सगळेच सांगतात. कॉटन रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण तयार कपडा घरी मिठात बुडवून रंग पक्का होत नाही, उगाच मेहनत. नव्या कपड्याचा रंग जातोय का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली शिवण घासून कळतं, फडकं काळं झालं तर पहिली काही धुणी वेगळीच करा. नवी जीन्स तर अशीच, निळीचा रंग धाग्याच्या वरवरच असतो त्यामुळे तो सुटणारच. पॉलिएस्टरचं एवढं टेन्शन नाही. काळी पैठणी किंवा कुठलंही रेशीम घरी धुवू नका, ड्रायक्लीनला द्या.

वाळत घालताना गच्चीवरची दोरी नको, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन रंग खातं. बाल्कनीत सावलीला, उलटाच ठेवून, वारा लागेल असं घाला. इस्त्रीही उलट्या बाजूनेच, नाहीतर शिवणीवर चकाकी येते आणि ती सहजासहजी जात नाही.