जुन्या वस्तीतली घरं बघायची कशी

सकाळी लवकर जा, कारण तिरप्या उन्हात भिंतीवरची नक्षी, बुजवलेली खिडकी, नंतर वाढवलेला मजला सगळं उठून दिसतं. आणि आधी वर बघा, खालचा मजला बहुतेक वेळा बदललेलाच असतो. मग खिडकीची काच, तिच्यात समोरचं झाड हलल्यासारखं, लाटालाटांचं दिसलं की समजायचं काच जुनी आहे, एकदम सपाट फ्लोट काच (वितळलेल्या धातूवर तरंगवून बनवलेली) १९५९ नंतरची (मला तर जुनी, लाटांची काच दिसली की हलावंसंच वाटत नाही). विटांमधला चुना मऊ असतो, भिंतीतली ओल बाहेर सोडतो, त्यावर सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि विटेचे पापुद्रे निघतात, त्यामुळे असं घर तुमचं असेल तर प्लीज चुनाच वापरा.