व्यसनमुक्ती केंद्रात संगीतसत्र कसे घ्यावे

दारू थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हात थरथरणे, झोप उडणे, क्वचित फिट येणे असे त्रास होतात. त्या काळात रुग्णाला डॉक्टर आणि औषधे हवी असतात, गाणे नव्हे. म्हणून प्रकृती स्थिरावल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच त्याला सत्रात बसवावे. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास तलफ कमी होण्यास मदत होते, असा निष्कर्ष कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २१ चाचण्यांवरून काढलेला आहे.

सत्रापूर्वी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलून गाण्यांची चौकशी करावी, आणि या कामात घाई करू नये. कोणते गाणे घरात म्हटले जाई, हे विचारावेच. पण कोणते गाणे लागले की घशाला कोरड पडते, हे आधी विचारावे. बारमध्ये रोज वाजणारे किंवा मिरवणुकीत पिऊन नाचताना ऐकलेले गाणे शब्दांनी कितीही निरुपद्रवी असले, तरी तलफ जागी करू शकते. भजन सर्वांनाच मानवते, ही समजूतही सोडावी. ज्याचे वडील पिऊन भजनाला बसत, त्याला टाळांच्या आवाजाने शांतता मिळेलच असे नाही. अशी गाणी सुरुवातीला गटात टाळावीत आणि पुढे समुपदेशकाच्या उपस्थितीतच हाताळावीत.

गट आठ-दहा जणांचा, बैठक गोलाकार आणि वेळ पाऊण तास पुरे. सुरुवातीचे संगीत गटाच्या त्या वेळच्या मनःस्थितीशी जुळणारे असावे. अस्वस्थ माणसांना एकदम संथ आलाप ऐकवला, तर ती अधिकच चुळबुळतात. आधी टाळ्या आणि डफ यांवर त्यांच्याच लयीत वाजवू द्यावे, मग लय हळूहळू उतरवावी. सुरेल गाणाऱ्याचे कौतुक आवरते घ्यावे, नाहीतर बाकीचे श्रोते होऊन बसतात. (पेटी वाजवणाऱ्या हौशी कार्यकर्त्यालाही हे सांगावे लागते.) त्यानंतर प्रत्येकाकडून ओवीची एकेक ओळ रचून घ्यावी, सरळ विचारल्यावर जे ओठांवर येत नाही, ते ओवीत पुष्कळदा सहज येते. कोणी रडल्यास गाणे थांबवावे, मात्र त्याला लगेच बोलते करण्याचा आग्रह धरू नये.

सत्राआधी आणि पुन्हा उठण्यापूर्वी प्रत्येकाला तलफ शून्य ते दहा यांपैकी कितीवर आहे, हे विचारून नोंदवावे. आकडा सत्राआधीपेक्षा वाढला असेल, तर त्याला एकटे न सोडता समुपदेशकाकडे न्यावे. घरी जाताना प्रत्येकाच्या पूर्वीच्या पिण्याच्या वेळेसाठी, बहुधा संध्याकाळी सात ते नऊसाठी, त्यानेच निवडलेल्या गाण्यांची यादी त्याच्या मोबाइलमध्ये भरून द्यावी.