अमेरिकेत एक्स्टेंशनची नोकरी लागली, आता पर्मनंट स्टेटस आणि प्रमोशन कसं मिळवायचं

राहुरी, दापोली, अकोला, परभणीहून बी.एस्सी. अ‍ॅग्री करून अमेरिकेत मास्टर्सला किंवा पीएचडीला गेलेल्यांपैकी काही जण पुढे तिथल्या युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे कृषी विस्ताराच्या कामात, लागतात. काम अगदी आपल्या ओळखीचं, शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, प्रात्यक्षिकं घ्यायची, फोनवर शंका सोडवायच्या. पण कागदोपत्री तुम्ही फॅकल्टी, म्हणजे प्राध्यापकवर्गातले, असता आणि तुमची नोकरी कायम करायची की नाही हे फॅकल्टीच्याच पद्धतीने ठरतं, आणि इथेच पोरं अडकतात, कारण काम जीव ओतून करतात पण त्याचा पुरावा कसा मांडायचा हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६२ च्या मॉरिल कायद्याने लँड-ग्रँट, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या, युनिव्हर्सिट्या आल्या, १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्यांना एक्स्टेंशन जोडलं गेलं आणि त्याचा पैसा केंद्र, राज्य आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) असा तिघांकडून येऊ लागला. आपली कृषी विद्यापीठंसुद्धा याच धर्तीवरची, पंतनगर १९६० चं, राहुरी १९६८ चं. मी इथे मुख्यतः फ्लोरिडाचं उदाहरण धरलंय कारण 'पर्मनंट स्टेटस' हा प्रकार तिथे नीट मांडलेला आहे. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचं एक्स्टेंशन राज्यातल्या सगळ्या ६७ काउंट्यांत आहे, काउंटी एजंटच्या, म्हणजे काउंटीतल्या विस्तार अधिकाऱ्याच्या, रँक एक ते चार अशा चढत जातात आणि कॅम्पसवरच्या प्रोफेसरला जसं टेन्युअर, म्हणजे कायम नोकरीची हमी, तसं काउंटीतल्या एजंटला पर्मनंट स्टेटस. साधारण सहा-सात वर्षांची मुदत असते, त्यात मिळालं तर मिळालं, नाही तर नोटीस देऊन नोकरी थांबते. रँकचं प्रमोशन आणि पर्मनंट स्टेटस हे दोन वेगळे निर्णय आहेत हेही लक्षात ठेवा.

पायरी १: नेमणुकीचं पत्र नीट वाचा

सगळीकडे एकच पद्धत नाही. न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेलचं एक्स्टेंशन आहे पण काउंटीतले लोक तिथल्या काउंटी असोसिएशनचे नोकर असतात, त्यांना फॅकल्टीचं टेन्युअर नाही. कॅलिफोर्नियात एजंटला अ‍ॅडव्हायझर म्हणतात आणि कायमपणाला इनडेफिनिट स्टेटस. कॅम्पसवरचा स्पेशालिस्ट असाल तर तुम्ही रीतसर असिस्टंट प्रोफेसर, आणि किती टक्के एक्स्टेंशन, किती टक्के रिसर्च हे पत्रातच लिहिलेलं असतं, ते टक्के फार महत्त्वाचे कारण तुमचं मोजमाप त्याच हिशोबाने होतं. पत्रात तीन गोष्टी शोधा: जागा पर्मनंट स्टेटसला पात्र आहे का, मुदत कोणत्या तारखेपासून मोजणार, आणि बाळंतपण किंवा आजारपण आलं तर मुदत वाढते का. तोंडी उत्तरावर थांबू नका, ईमेलवर लिहून घ्या.

आणि व्हिसा. हे मी ठळक सांगतो कारण आपल्या लोकांचा इथे फार घोळ होतो. पर्मनंट स्टेटस म्हणजे नोकरीची शाश्वती, त्याने ग्रीन कार्ड मिळत नाही. युनिव्हर्सिटीला एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या, लॉटरीतून सूट असते हे बरं, पण एच-वन-बी साधारणपणे सहाच वर्षं चालतो, आणि तुमची कायम होण्याची मुदतही सहा-सात वर्षांचीच. म्हणजे आधी कायम होऊ मग ग्रीन कार्डचं बघू असं म्हणत बसलात तर व्हिसा आधी संपेल. पहिल्याच वर्षी युनिव्हर्सिटीच्या इमिग्रेशन ऑफिसला जाऊन विचारा की माझ्या पदाला तुम्ही ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करता का आणि कधी, कारण भारतीयांची रांग केवढी लांब आहे ते वेगळं सांगायला नको.

पायरी २: दोन-तीनच प्रोग्रॅम धरा

काउंटी ऑफिसात रोज कोणी तरी पिशवीत पान घेऊन येतं, हा डाग कसला म्हणून. ते बघायलाच हवं, लोक त्यासाठीच येतात. पण सहा वर्षं फक्त तेवढंच केलं तर फाइलमध्ये दाखवायला काही राहत नाही. एक अ‍ॅडव्हायझरी कमिटी करा, त्यात बागायतदार, नर्सरीवाले, काउंटीतले अधिकारी, आणि जे एरवी ऑफिसात फिरकत नाहीत असेही लोक घ्या, त्यांच्याकडून गरज समजून घ्या आणि त्यातून दोन, फार तर तीन प्रोग्रॅम निवडा जे तुम्ही वर्षानुवर्षं चालवणार आहात.

समजा तुम्ही मायामी-डेड काउंटीत आहात. होमस्टेडच्या भागात आंबा होतो, युनिव्हर्सिटीचं उष्णकटिबंधीय फळांचं संशोधन केंद्रही तिथेच आहे, आणि आंब्यावर करपा हा तिथलाही मोठा त्रास. मग 'आंबा बागायतदारांसाठी करपा आणि छाटणी व्यवस्थापन' हा एक प्रोग्रॅम झाला.

पायरी ३: माणसात काय बदललं ते मोजा

सगळा खेळ इथे आहे. फाइलमध्ये लोक लिहितात, बारा कार्यशाळा घेतल्या, इतके लोक आले, सगळ्यांना आवडलं. हे वाचून पर्मनंट स्टेटस ठरवणाऱ्या कमिटीला एवढंच कळतं की तुम्ही कष्टाळू आहात. एक्स्टेंशनमध्ये बेनेट यांची १९७० च्या दशकातली सात पायऱ्यांची उतरंड सगळे वापरतात: खालून साधनं, मग उपक्रम, मग सहभाग, मग लोकांची प्रतिक्रिया, त्यावर ज्ञान आणि कौशल्यातला बदल, मग प्रत्यक्ष वागण्यातला बदल, आणि सगळ्यात वर शेवटचा परिणाम, म्हणजे पैसा, पाणी, आरोग्य. बहुतेकांची फाइल चौथ्या पायरीवर थांबते. पर्मनंट स्टेटससाठी निदान सहाव्या पायरीपर्यंत पोचलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

हे करायचं कसं, तर कार्यशाळा ठरवायच्या आधीच उद्दिष्ट आकड्यात लिहा. "बागायतदारांना करप्याची माहिती देणे" असं नको, "प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्मे लोक पुढच्या हंगामात मोहोराच्या वेळी बागेची पाहणी करून मगच फवारतील" असं. मग कार्यशाळेच्या शेवटी एकच कागद द्या आणि त्यात प्रत्येक प्रश्न दोनदा विचारा, आज यायच्या आधी तुम्हाला हे किती येत होतं आणि आता किती येतं. आधी परीक्षा आणि नंतर परीक्षा घेण्यापेक्षा हे सोपं पडतं, वेळ वाचतो, आणि माणूस जास्त खरं सांगतो, कारण सुरुवातीला आपल्याला काय येत नाही हेच त्याला माहीत नसतं. त्यानंतर सहा महिन्यांनी फोन करा किंवा ईमेल टाका, काय बदल केला, किती फवारण्या वाचल्या, एका फवारणीचा खर्च काय. वाचलेल्या फवारण्या गुणिले खर्च गुणिले एकर, झाला तुमचा आर्थिक परिणाम. ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यापुरताच आकडा सांगा, सगळ्या काउंटीवर पसरवून फुगवू नका, कमिटीत आकडेवारी जाणणारे लोक असतात आणि एकदा विश्वास गेला की बाकीची फाइलही ते संशयाने वाचतात. फॉलोअपचा फोन हे कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण कॅलेंडरवर तारीख टाकूनच ठेवा.

पुढे यावर काही छापायचं असेल तर सर्व्हेच्या आधीच युनिव्हर्सिटीच्या आयआरबीला, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या बोर्डाला, विचारून घ्या. नंतर मागे जाऊन परवानगी मिळत नाही.

पायरी ४: दर महिन्याला नोंद

हजेरीचे कागद, आभाराचे ईमेल, पेपरात आलेली बातमी, ग्रँटची पत्रं, सगळं एका फोल्डरमध्ये, वर्षवार आणि प्रोग्रॅमवार. तुमचा वार्षिक अहवाल म्हणजे पॅकेटचा, म्हणजे पर्मनंट स्टेटस किंवा प्रमोशनसाठी जमा करायच्या फाइलचा, कच्चा मसुदाच समजा. तो नीट लिहिलात तर सहाव्या वर्षी नव्याने शोधाशोध करावी लागत नाही.

पायरी ५: लिहा आणि दाखवा

काउंटी एजंटकडून कोणी कॅम्पसवरच्या प्रोफेसरएवढे पेपर मागत नाही. पण तुम्ही जे शिकलात ते दुसऱ्या एजंटला वापरता येईल अशा रूपात कुठे तरी आलं पाहिजे आणि जाणकारांनी ते तपासलेलं पाहिजे. फ्लोरिडात ईडीआयएस हा युनिव्हर्सिटीचा ऑनलाइन प्रकाशन संग्रह आहे, तिथे शेतकऱ्यासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकालाही रिव्ह्यू होतो. 'जर्नल ऑफ एक्स्टेंशन' १९६३ पासून चालू आहे. शेतीवाल्या एजंटांची एनएसीएए ही राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या वार्षिक अधिवेशनात पोस्टर लावा, अवॉर्डला अर्ज करा, आधी राज्य मग पुढचं. स्वतःहून अर्ज करायला आपल्याला संकोच वाटतो, पण तिथे तीच रीत आहे, अर्ज केल्याशिवाय कोणी देत नाही. आणि चार जणांचा पेपर असेल तर त्यात तुमचा वाटा नेमका काय ते एका ओळीत लिहा.

पायरी ६: माणसं जोडा

तुमचे काउंटी डायरेक्टर आणि डिस्ट्रिक्ट डायरेक्टर दरवर्षी मूल्यमापन करतात, त्यात एखादी उणीव लिहून आली तर पुढच्या अहवालात ती कशी भरून काढली ते आवर्जून लिहा. बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मिड-टर्म रिव्ह्यू होतो, तो ऐच्छिक असला तरी मागून घ्या. कमिट्यांचं काम मोजकंच घ्या. नव्या माणसाला सगळे बोलावतात, आपण नाही म्हणत नाही, आणि मग प्रोग्रॅमला वेळ उरत नाही.

पायरी ७: पॅकेट लिहिणं

वाचणारा कोण हे डोळ्यापुढे ठेवा. आधी सहकाऱ्यांचं मत, मग डायरेक्टरांची पत्रं, मग डीन, मग युनिव्हर्सिटी पातळीवरची कमिटी, म्हणजे तुमची फाइल शेवटी अशा माणसाच्या हातात जाते ज्याने तुमची काउंटी पाहिलेली नाही आणि आंब्याचा करपा ऐकलेलाही नाही. प्रत्येक प्रोग्रॅम याच क्रमाने लिहा: परिस्थिती काय होती, उद्दिष्ट काय, मी काय केलं, काय बदललं. 'मी' लिहा. आपल्याला सरांच्या मार्गदर्शनाखाली, सर्वांच्या सहकार्याने असं लिहायची सवय असते, ती चांगली सवय आहे आणि सहकाऱ्यांचं नाव घ्यावंच, पण सगळीकडे 'आम्ही' असेल तर कमिटीला तुमचं काम वेगळं काढता येत नाही आणि नुकसान तुमचंच होतं.

नुकत्याच पास झालेल्या लोकांकडे त्यांची पॅकेट्स मागा, बहुतेक जण देतात. तुमचं पॅकेट दोघांना वाचायला द्या, एक तुमच्या विषयातला, एक पूर्ण बाहेरचा. शिफारशीची पत्रं बाहेरून मागवणार असतील तर तुमचा गाइड किंवा सहलेखक सुचवू नका. फाइल जमा झाली की त्यात फारसं काही बदलता येत नाही, म्हणून तारखेच्या महिनाभर आधी तयार ठेवा.

वरच्या रँकला अपेक्षा वाढतात. तिथे बघतात की तुमचं काम काउंटीबाहेर गेलं का, इतर एजंटांनी तुमचा प्रोग्रॅम उचलला का, राज्यभराच्या टीममध्ये तुम्ही पुढे होऊन काही केलं का, नव्यांना शिकवलं का. पर्मनंट स्टेटस झाल्यावर लगेच पुढच्या रँकची घाई करू नका, हे सगळं उभं राहायला काही वर्षं लागतात.

नकार आला तर आधी कशाला नकार आलाय ते बघा. नुसत्या रँकला आला असेल तर लेखी कारणं मागा, त्यावर काम करा, पुन्हा अर्ज करता येतो. पर्मनंट स्टेटसलाच आला असेल तर त्याच आठवड्यात तीन कामं करा: अपीलची शेवटची तारीख बघा कारण ती मुदत थोडी असते, फॅकल्टी युनियन असेल तर तिथल्या प्रतिनिधीला भेटा, आणि व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.