चिंचोक्यापासून कृत्रिम अश्रू : या चुका टाळा

चिंचोक्याची खळ सुताला लावतात, हे विणकरांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्याच चिंचोक्यातला चिकट पदार्थ, झायलोग्लुकन, नीट शुद्ध केला तर कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांत चालतो. त्याची रचना अश्रूंमधल्या म्युसिनशी, म्हणजे अश्रू डोळ्यावर धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाशी, मिळतीजुळती असल्यामुळे तो डोळ्यावर टिकून राहतो. युरोपात असे थेंब विकलेही जातात. फार्मसीच्या मुलांना प्रोजेक्टसाठी हा विषय फार आवडतो, आणि त्यांच्या चुकाही ठरलेल्या असतात.

सुरुवात टरफलापासून होते. भाजल्यावर तपकिरी टरफल पूर्ण निघालं नाही, तर त्यातलं टॅनिन (तुरट, रंग देणारं द्रव्य) उतरून द्रावण कोऱ्या चहासारखं दिसतं. मग कितीही गाळा, रंग जात नाही. उरलेली टरफलं हातानेच निवडून काढा. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, म्हणून आधी गार पाण्यात कालवून घ्या. साधारण 20 मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा, मग सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवा. वरचं निवळ पाणी दुप्पट अल्कोहोलमध्ये ओतलं की पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. हवे आहेत ते हेच. सेंट्रिफ्यूजचा कंटाळा केलात तर प्रथिनं सोबत येतात, आणि परकं प्रथिन डोळ्याला सोसेलच असं नाही.

दुसरी चूक मिठाची. 0.9 टक्के सलाइन (मिठाचं पाणी) घेऊन त्यातच वर बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षार) घातला की द्रावण अश्रूंपेक्षा खारट होतं. निरोगी अश्रूंची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांसारख्या कणांचं प्रमाण, लिटरला 300 मिलिऑस्मोलच्या आसपास असते, कोरड्या डोळ्यात ती आधीच वाढलेली असते. म्हणजे आपण जखमेवर मीठच चोळतो. बफर घातल्यावर मीठ कमी करा आणि ऑस्मोमीटरवर आकडा बघा. अंदाजावर जाऊ नका.

सगळ्यात गंभीर चूक निर्जंतुकीकरणाची. घट्ट द्रावण 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये अडकतं, मुलं वैतागून मोठ्या छिद्रांचा फिल्टर लावतात आणि काम झालं म्हणतात. तसं करू नका. मोठ्या छिद्रांचा फिल्टर आधीच्या गाळणीसाठी ठेवा, शेवटचा 0.22 चाच हवा. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) वापरलात तर नंतर घट्टपणा पुन्हा मोजा, कारण उष्णतेने साखळ्या तुटू शकतात.

‘नैसर्गिक आहे, प्रिझर्व्हेटिव्ह कशाला?’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. चिंचोक्याचा हा पदार्थ म्हणजे साखरेच्या साखळ्या, जंतूंना आयतं जेवण. प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारं द्रव्य) नको असेल तर एकदाच वापरायच्या कुप्या भरा. भारतात बनलेल्या दूषित कृत्रिम अश्रूंमुळे 2022-23 मध्ये अमेरिकेत स्यूडोमोनास या जिवाणूचा संसर्ग पसरला. काहींची दृष्टी गेली, चौघे दगावले. कॉलेजच्या टेबलावर बनलेला थेंब म्हणूनच कुणाच्याही डोळ्यात जाता कामा नये, स्वतःच्याही नाही. घरचा मध, गुलाबपाणी, तुळशीचा रस यांनाही हेच लागू.

आणखी एक गोष्ट पेशंटच्या बाजूची. अश्रू किती येतात ते मोजणाऱ्या शर्मर चाचणीची कागदी पट्टी 5 मिनिटांत 15 मिलिमीटर भिजते, तरी डोळे चुरचुरतात, असं पुष्कळदा होतं. पाणी पुरेसं असतं, पण पापण्यांच्या तेलग्रंथी तुंबल्यामुळे ते लवकर उडून जातं. तिथे चिंचोक्याचा थेंब एकटा पुरत नाही. डॉक्टरांना दाखवून पापण्यांना गरम शेक, हलका मसाज आणि लागलाच तर तेलाचं इमल्शन असलेला थेंब घ्यावा. स्वयंपाकघरातलं एरंडेल मात्र डोळ्यात घालू नये.