इंदुरातल्या वाचकाला मराठी कादंबरी सुचवायची असेल तर

आवडलेली कादंबरी दुसऱ्याच्या हातात देणं सोपं आहे, ती त्याच्याकडून वाचून होणं अवघड. इंदुरात मराठी पुस्तकांची वाण कधीच नव्हती. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलनं या शहरात भरली, जुन्या घरांत आजोबांची कपाटं अजून भरलेली आहेत. तरीही रामबागेत किंवा सुदामानगरात कुणाला मोठ्या प्रेमानं दिलेली कादंबरी सहा महिन्यांनी तिसाव्या पानात खूण घालून परत येते. दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्याचा नसतो, सुचवणाऱ्याचा असतो. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी तयार झालेला सल्ला त्यानं इंदुरात जसाच्या तसा वापरलेला असतो.

१. आपली यादी आखडून घ्या

दहा-बारा कादंबऱ्या पुरे. वीस वर्षांपूर्वी एकदाच वाचलेली सुचवू नका. आठवणीत प्रत्येक कादंबरी छोटी आणि वेगवान होऊन बसते, आणि मधली कंटाळवाणी शंभर पानं आपण विसरून गेलेलो असतो.

२. आवडलेलं नको, सुटलेलं विचारा

"तुम्हाला कसलं वाचायला आवडतं?" या प्रश्नाचा काही उपयोग नाही. लोक भिडेखातर मोठी नावं घेतात. त्याऐवजी असं विचारा:

"काकू, अर्ध्यात सुटलेलं शेवटचं पुस्तक कुठलं?"
"अगं, ते 'श्रीमान योगी'. दोनदा हातात घेतलं."
"कुठे थांबलात?"
"थांबले कुठली, झोपून वाचते ना मी. तो ठोकळा धरवतच नाही हातात."

काकूंना इतिहासाचा कंटाळा नाही, त्यांचं मनगट दुखतंय. हजारावर पानांचं पुस्तक छातीवर धरून वाचता येत नाही. त्यांना 'स्वामी' द्या. लेखक तेच, रणजित देसाई, काळ पेशवाईचा आणि पुस्तक हातात मावणारं. नुसतं "ऐतिहासिक आवडलं नाही" एवढंच ऐकून सामाजिक कादंबरी दिली असती, तर तीही सुटली असती.

३. मराठी किती येते यापेक्षा कुठली येते ते बघा

बहुतेक शिफारशी इथेच बुडतात, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

ठरलेला सल्ला असा असतो की नव्या वाचकाला सोप्या बोलीतली, गावाकडची, छोटी कादंबरी द्यावी आणि संस्कृतप्रचुर, पौराणिक पुस्तकं मागाहून. पुण्यात शिकलेल्या मुलाला हे लागू पडतं. इंदुरात हिंदी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला हे नेमकं उलटं करावं लागतं. शाळेत त्यानं छायावादी, म्हणजे संस्कृत शब्दांनी भरलेली हिंदी कविता वाचलेली असते. 'अभिलाषा', 'विरक्ती', 'पश्चात्ताप', 'उन्मत्त' या शब्दांवर तो अडखळत नाही. 'तिफण', 'पाभर', 'मोट', 'वाकळ', 'चावडी' यांवर मात्र अडतो, कारण हे शब्द त्याच्या घरात कधी उच्चारलेच गेलेले नाहीत. इथल्या घरची मराठी म्हणजे स्वयंपाकघर, देवघर, लग्नकार्य आणि आजारपण. तेवढ्या परिघात ती अस्सल आहे, तालेवार आहे. पण त्या मराठीला शेत नाही आणि गाव नाही.

त्यामुळे पुण्यात जड म्हणून बाजूला ठेवलं जाणारं 'ययाति' इंदुरात पहिलं पुस्तक म्हणून चालतं. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात, त्यामुळे एकाचा कंटाळा यायला लागेपर्यंत दुसरा बोलायला लागतो. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' (१९६७) असंच निवेदक बदलत जातं, पण जाडजूड आहे, तेव्हा ते दुसरं. पौराणिक नकोच असेल तर विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९). युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावरचा एक मराठी तरुण आणि एक ज्यू मुलगी, दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं. पानं थोडी, भाषा शहरी. विशी-तिशीतल्या वाचकाला यासारखं दुसरं पुस्तक नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेशवाईवरच्या कादंबऱ्यांचंही तेच. 'मसलत', 'खलिता', 'फर्मान' हे शब्द माळव्यातल्या कानाला परके नाहीत. ना. सं. इनामदारांचं 'राऊ' (१९७२) देताना आणखी एक गोष्ट हाताशी असते. बाजीराव १७४०मध्ये गेला तो नर्मदेकाठी रावेरखेडीला, आणि ते गाव आजच्या खरगोन जिल्ह्यात आहे. हे एक वाक्य सांगितलं की इंदूरचा वाचक पुस्तक उघडतो.

बोलीकडे जायचं तर पायऱ्या धरून जा. पहिली पायरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). निवेदन प्रमाण मराठीत आहे कारण सांगणारा शाळामास्तर आहे, आणि माणदेशी बोली फक्त धनगरांच्या बोलण्यात येते. वाचक पाण्यात पाय टाकतो, पण काठ सुटत नाही. ती पचल्यावरच रा. रं. बोराड्यांचा 'पाचोळा' (१९७१). तिथे शिंप्याची बायको सगळी कादंबरी आपल्याच बोलीत सांगते, काठ असा नाहीच. हा क्रम उलटा केला तर "मला मराठी वाचताच येत नाही" असा समज करून घेऊन वाचक दोन्ही पुस्तकं मिटतो. आणि हा समज पुसायला वर्ष लागतं.

आता अंदाज कसा घ्यायचा ते. परीक्षा घेतोय असं कळू न देता एक पान मोठ्यानं वाचायला सांगा: "हा उतारा वाचून दाखव ना, मला तुझ्या तोंडून ऐकायचाय." पहिल्या वीस पानांतलंच पान निवडा आणि मनातल्या मनात अडखळी मोजा. पानाला पाचपर्यंत असतील तर पुस्तक बिनधास्त द्या. पाच ते दहा असतील तर पहिलं प्रकरण बरोबर बसून वाचा. दहाच्या वर गेल्या तर हे पुस्तक आज नको.

पण आकड्यापेक्षा अडखळ कुठल्या जातीची आहे ते ऐका. दोन जाती आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे.

एक अडखळ डोळ्यांची. हिंदीत 'उसके जैसे लोगों को भी' हे पाच सुटे शब्द आहेत. मराठीत तेच 'त्याच्यासारख्यांनासुद्धा' असं एका दमात येतं. लिपी देवनागरीच असली तरी हिंदीवर तयार झालेली नजर शब्द सुटा होण्याची वाट बघत राहते, आणि तो सुटत नाही. अर्थ कळत असतो, नजर घसरत असते. ही अडखळ साधारण साठ-सत्तर पानांत आपोआप जाते. म्हणून हा वाचक असेल तर पहिलं पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचं निवडा. अर्ध्यावर पोचेपर्यंत त्याला वेग येतो आणि तो वेग त्याचा त्यालाच जाणवतो.

दुसरी अडखळ शब्दांची. इथे शब्दकोश हातात देऊ नका, दर ओळीला कोश उघडणारा वाचक आठव्या पानावर थकतो. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानात पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी ठेवा, बारा शब्दांची, जास्त नाही. 'बनगरवाडी'सारख्या पुस्तकासाठी ती अशी सुरू होते: न्हाई – नाही. व्हय – होय. म्या – मी. त्येला – त्याला. कालवण – भाकरीबरोबरचं पातळ तोंडीलावणं. आणि सांगा, बोलीतले संवाद ओठ हलवून वाच. डोळ्यांना 'त्येला' अनोळखी वाटतं, कानाला वाटत नाही.

एक ताकीद. मराठी प्रतीबरोबर हिंदी अनुवाद देऊ नका. 'मृत्युंजय'चा हिंदी अनुवाद खूप वाचला गेलाय. फक्त कथा हवी असेल त्यानं तो खुशाल वाचावा. पण दोन्ही एकत्र ठेवले की हात हिंदीकडेच जातो आणि मराठी प्रत उशाखाली राहते. ज्याला हिंदी साहित्य मनापासून आवडतं त्याला वेगळ्या बाजूनं आणा. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध त्याला ठाऊक असतातच. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत, आणि त्यांच्या एका कादंबरीचं नाव 'क्षिप्रा', म्हणजे आपल्या माळव्याचीच नदी. एका घरात दोन भाषांत लिहिणारे दोघं होते हे कळल्यावर या वाचकाला मराठी आजी-आजोबांची आणि हिंदी आपली असं वाटेनासं होतं.

४. प्रत बघून द्या

आजोबांच्या कपाटातली प्रत भावनेनं मोलाची असली तरी नव्या वाचकाला देऊ नका. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'तें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात. हिंदी वाचणारा ते सगळे नाकातून उच्चारतो आणि वाक्याची लयच मोडते. नवी आवृत्ती घ्या. साठीच्या पुढच्यांसाठी टाईप मोठा आहे ना तेवढं बघा.

५. तीन वाक्यांत सांगा

पहिलं वाक्य, पुस्तकात कोण आणि कुठे. दुसरं, ते या वाचकालाच का. तिसरं, कुठे जड जाईल. चौथं वाक्य आलं की कथानक सांगायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

"अप्रतिम आहे, वाचच" हे सांगणं झालं नाही, दडपण झालं. वाचणाऱ्याला मग पुस्तक आवडून घ्यावं लागतं. 'झाडाझडती' देताना असं सांगता येतं: "धरणासाठी उठवलेल्या गावाची, पुनर्वसनासाठी झगडणाऱ्या माणसांची गोष्ट आहे, विश्वास पाटलांची. तुमचं माहेर निमाडातलं, २००४मध्ये हरसूद बुडालं ते तुम्ही जवळून बघितलंय, म्हणून तुम्हाला देतोय. माणसं खूप आहेत, पहिल्या प्रकरणांत नावांचा गोंधळ होईल, तेव्हा कागदावर नावं लिहीत जा."

तिसरं वाक्य गाळायचा मोह होतो. पुस्तकाचा कमीपणा सांगितल्यासारखं वाटतं. ते गाळू नका. 'कोसला' देताना, गोष्ट सरळ जात नाही, मध्येच डायरीची पानं येतात, निवेदक 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचा मारा करतो, हे आधी सांगितलं नाही तर वाचकाला वाटतं आपलंच काही चुकतंय. आधी सांगितलं तर तेच 'वगैरे' त्याला गमतीचे वाटायला लागतात. आणि ज्याला दोन वर्षांत मराठी पुस्तक हातात धरायला मिळालेलं नाही त्याला 'कोसला' पहिलं म्हणून देऊच नका, मग ते तुमचं कितीही लाडकं असो.

शेवट तर नाहीच, पण "शेवट जबरदस्त आहे" असंही सांगू नका. वाचक प्रत्येक वळणावर तोच आला का म्हणून बघत राहतो.

६. एका वेळी एकच पुस्तक

तीन दिली की तिन्ही चाळली जातात.

७. पंधरा दिवसांनी विचारायचं ते असं

"आवडलं का?" नको. त्याला "हो, छान आहे" याखेरीज उत्तर नसतं. "कितव्या पानापर्यंत आलात?" किंवा "मास्तर वाडीत पोचला का?" असं विचारा. पुढे गेलेले असतील तर ते स्वतःच बोलायला लागतील. गेले नसतील तर पान नक्की कळतं.

ते पान घरी येऊन आपल्या प्रतीत उघडून बघा. बोलीतला लांब संवाद सुरू झालाय, नवीन पाच माणसं आली आहेत, की निवेदक बदललाय? जे सापडेल ते वहीत त्या वाचकाच्या नावापुढे लिहा, पुस्तक मुकाट्यानं परत घ्या, आणि पुढचं निवडताना ती ओळ आधी वाचा.