सिंधुदुर्गचे नकाशे निघतात, रत्नागिरीचे निघत नाहीत? पायथन स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच लेआउटवरून (छपाईसाठी मांडलेल्या पानावरून) तालुकावार पीडीएफ काढायच्या, हे पायथन शिकणाऱ्यासाठी फार चांगलं पहिलं काम आहे. रत्नागिरीचे ९ तालुके, सिंधुदुर्गचे ८. हातानं सतरा वेळा एक्स्पोर्ट करत बसण्यापेक्षा एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहावा. अडचण अशी, की नवी स्क्रिप्ट बऱ्याचदा मुकाट चालते, शेवटी 'झालं' असं छापते आणि फोल्डर उघडून बघावं तर रत्नागिरीची एकही फाइल नसते. सिंधुदुर्गच्या मात्र आठही असतात.

अशा वेळी सगळे आधी लेयर, म्हणजे नकाशातला माहितीचा थर, तपासतात. तुम्ही आधी फाइलचा पत्ता तपासा. विंडोजवर पत्त्यात बॅकस्लॅश (\) येतो आणि पायथनला काही अक्षरांआधीच्या बॅकस्लॅशचा वेगळा अर्थ लागतो. रत्नागिरीच्या फोल्डरचं नाव इंग्रजीत लहान आरनं सुरू होत असेल, तर बॅकस्लॅश आणि आर मिळून कॅरेज रिटर्न हे न दिसणारं खास अक्षर होतं, म्हणजे पत्ता मधेच तुटतो. रायगडचंही तेच. 'नकाशे' नावाचं फोल्डर केलंत तर एनमुळे नवी ओळ, 'तालुका' केलंत तर टीमुळे टॅब. एसला असा खास अर्थ नाही, म्हणून सिंधुदुर्ग सुटतो. मोठ्या लिपीतलं आर लिहिलं तरी चालून जातं, त्यामुळे एकाच्या संगणकावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्याकडे अडते. उपाय सोपा आहे: अवतरणचिन्हाच्या आधी आर लिहा किंवा पत्त्यात सरळ फॉरवर्ड स्लॅश (/) वापरा, विंडोजला तो चालतो. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण आर लावलेल्या पत्त्याच्या अगदी शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही.

मग स्क्रिप्टनं 'झालं' का म्हटलं? लेआउटची पीडीएफ काढणारं फंक्शन अपयश आलं तरी स्क्रिप्ट थांबवत नाही, फक्त एक आकडा परत देतं. शून्य आला तर फाइल निघाली, दुसरा काही आला तर नाही. तो आकडा एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि तालुक्याच्या नावासोबत छापा. फोल्डर नसणं, जुनी पीडीएफ दुसऱ्या खिडकीत उघडी असणं, हे सगळं त्यातूनच कळतं. आणि ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडणारा कोड) लावून आत नुसतं पास, म्हणजे 'काही करू नका', असं लिहू नका. त्यानं चूक जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

आता मराठीतली खास अडचण. अॅट्रिब्यूट टेबलमधलं (लेयरच्या माहितीच्या तक्त्यातलं) 'रत्नागिरी' आणि तुमच्या सीएसव्हीतलं 'रत्नागिरी' डोळ्यांना सारखंच दिसतं, पण एकात त आणि न यांच्या मधे न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, असू शकतो. पायथनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे अक्षरं एकसारखी करून घेणं, त्यानंही तो जात नाही. तुलनेआधी रिप्लेसनं तो स्वतः काढा आणि पुढेमागे राहिलेली जागा स्ट्रिपनं साफ करा. एक्सेलमधून आलेली सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य खूण चिकटते आणि 'तालुका' हा रकानाच सापडत नाही.

फाइल निघाली पण नकाशा कोरा आला, तर बहुधा अंशांचे आकडे मीटरमध्ये गेलेत. कोकण यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये जागा मोजणाऱ्या पद्धतीच्या, ४३ उत्तर पट्ट्यात येतं आणि तिथे रत्नागिरीचा पूर्वेचा आकडा ३ लाखांच्या पुढे असतो. तुम्ही ७३ आणि १७ हे रेखांश-अक्षांश दिलेत, तर नकाशा विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात जातो. लेयरची चौकट आधी प्रोजेक्टच्या सीआरएसमध्ये (जागा मोजण्याच्या पद्धतीत) बदलून घ्या. ती लावतानाही सेट-एक्स्टेंटऐवजी झूम-टू-एक्स्टेंट वापरा. पहिलं फंक्शन कागदावरच्या नकाशाच्या चौकोनाचाच आकार बदलू शकतं, मग उभ्या तालुक्याचा नकाशा सूचीवर चढतो.

फाइलच्या नावात तालुक्याचं नाव घालायला विसरलात तर प्रत्येक फेरी मागची फाइल पुसते आणि शेवटचा एकच तालुका उरतो.

सतराही तालुके लावण्याआधी लूप फक्त रत्नागिरी तालुक्यावर चालवा. बॅकस्लॅशनंतरचं आरही त्यात आहे आणि जोडकाची शक्यताही.