चिलटं मारू नका, त्यांची पैदास होते ती जागा शोधा

ओट्यावर घिरट्या घालणारी चिलटं कितीही मारली तरी दुसऱ्या दिवशी तितकीच दिसतात. कारण उडताना दिसतात ती फक्त पूर्ण वाढलेली. अंडी आणि अळ्या कुठेतरी ओलसर, आंबलेल्या जागी असतात. साधारण २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून उडतं चिलट तयार व्हायला सुमारे १० दिवस लागतात, आणि एक मादी काही शे अंडी घालू शकते.

आधी ओळख पटवा. फळांवरचं चिलट जेमतेम ३ मिमी, पिवळसर तपकिरी, बहुधा लाल डोळ्यांचं. राखाडी, केसाळ पंखांचं आणि भिंतीला चिकटून बसणारं असेल, तर ते सांडपाण्याच्या नळीतलं. काळपट, लांब पायांचं, कुंड्यांभोवती फिरणारं असेल तर ते कुंडीतल्या ओल्या मातीतलं. या दोन्हींवर व्हिनेगरचा सापळा फारसा चालत नाही.

मग जागा शोधा. खरं काम हेच. प्रत्येक फळ उचलून उलटं करा. देठाजवळची चीर आणि खाली टेकलेली मऊ बाजू पाहा. कांदे-बटाट्यांची टोपली पूर्ण रिकामी करा, कारण तळाशी सडलेला एखादा बटाटा पुरेसा असतो. कचऱ्याची पिशवी रोज बदलली तरी तिच्याखाली झिरपलेलं पाणी डब्यात तसंच राहतं, म्हणून डबा साबणाने धुऊन कोरडा करा. न विसळलेल्या बाटल्या, ओलं फडकं, मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे हेही तपासा. पांढुरक्या, तांदळाच्या दाण्याहून लहान अळ्या वळवळताना दिसल्या की जागा सापडली. ते सगळं पिशवीत घट्ट बांधून लगेच घराबाहेर काढा.

सिंकवर संशय असेल तर रात्री कोरड्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, हवेला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला चिलटं चिकटलेली असतील तर नळी घासावीच लागेल. जाळी काढून लांब दांड्याच्या ब्रशने, साबण आणि गरम पाणी वापरून आतला बुळबुळीत थर खरवडून काढा. नुसतं ब्लीच ओतलं तर ते वाहून जातं आणि थर बराचसा तसाच राहतो. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सापळा शेवटी. ग्लासात अर्धा कप सफरचंदाचं व्हिनेगर घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे २-३ थेंब टाका आणि अलगद ढवळा. साबणामुळे द्रवाचा पृष्ठताण मोडतो. साबण नसेल तर चिलट वर बसून पिऊन उडून जातं. जोरात ढवळून फेस केलात तरी तेच होतं, ते फेसावर टेकतं. साधं पांढरं व्हिनेगर कमी ओढतं, त्याला फळाचा वास नसतो.

तोंडावर कागदाचं नरसाळं बसवलं तर आत गेलेली सहज बाहेर येत नाहीत. खालचं छिद्र सुमारे ५ मिमी, टोक द्रवापासून २-३ सेंटीमीटर वर, कडेला फट नको. द्रव २-३ दिवसांनी बदला. सापळ्याशेजारी पिकलेली केळी उघडी असतील तर चिलटं केळ्यांकडेच जाणार, तेव्हा फळं तोवर फ्रिजमध्ये किंवा बंद डब्यात ठेवा.

कीटकनाशकाचा फवारा टाळलेला बरा. तो अन्नावर आणि ओट्यावर बसतो, फळाच्या आतल्या अळीपर्यंत मात्र पोचत नाही.

सगळं केल्यावरही आठवडाभर थोडी चिलटं दिसतील, कारण अळ्या कोष करताना कोरड्या जागी सरकतात आणि ते कोष साफसफाईत निसटतात. दोन आठवड्यांनंतरही संख्या तीच असेल, तर एखादी जागा राहून गेली आहे. अशा वेळी कपाटांच्या मागे घरंगळलेलं फळ आहे का ते टॉर्च लावून पाहा.